झोळीचा ठेका

नाशिकहून नंदुरबारला निघताना माझ्या पिशवीत दोन साड्या, एक शाल, गुडघ्याला लावायचं मलम आणि दोन मोबाईल फोन होते. एवढ्या सामानावर मी एक पूल तपासायला निघाले होते. एसटीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मालेगाव सुटल्यावर विचारलं, "पाहुण्यांकडे का?" मी म्हटलं, "नाही, पुलाकडे." त्यानंतर ते धुळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. साठीला आलेली बाई फोन घेऊन पूल तपासायला जाते म्हटल्यावर कोणीही खिडकीबाहेरच बघेल. मी आयुष्यभर तंत्रनिकेतनात इमारती आणि पूल कसे हादरतात ते शिकवलं. पोरं मला पाठीमागे 'हादरेबाई' म्हणायची. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. निवृत्त झाल्यावर यंत्रं तंत्रनिकेतनात राहिली आणि माझ्याकडे फोन उरला. पण फोनही काही कमी नाही. तो आडवा धरला की चित्र आडवं होतं ना, ते ज्या कणभर यंत्रामुळे होतं, त्याच यंत्राला पुलाची थरथरही कळते. फोन पुलाला घट्ट चिकटवायचा की पूल सेकंदाला किती वेळा हलतो, किती जोराने हलतो, हे सगळं रेघेने काढून देतो.

बोलावलं होतं माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. तो आता सातपुड्यातल्या कामांवर देखरेख करतो. फोनवर म्हणाला, "मॅडम, यंत्रं मागवायची तर वर्ष जाईल. तुम्ही बघून एका ओळीत लिहून द्या, पूल चालू ठेवायचा की बंद करायचा." पूल एका पाड्याचा (डोंगरातली छोटी वस्ती). पाडा नाल्याच्या अलीकडे, गाडीरस्ता पलीकडे. मग जरा घुटमळून म्हणाला, "आणि मॅडम, लोक म्हणतात दुपारी तो आपोआप हलतो. कोणी नसताना."

"वारा असेल," मी म्हटलं.

"हो, तसंच असेल," तो म्हणाला, पण त्याचा आवाज काही माझ्या बाजूने नव्हता.

नंदुरबार नाकाला आधी कळलं. मिरचीचा हंगाम होता. गावाबाहेर मोकळ्या रानात लाल मिरची वाळत पसरलेली, नजर जाईल तिथे लाल. मी स्टँडवर उतरल्या उतरल्या अशा शिंकायला लागले की चहावाल्याने न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला. "नवीन शेतस वाटतं," (नवीन आहात वाटतं) तो म्हणाला. मी मान हलवली, कारण बोलायची सोय नव्हती. तिथून तळोदा, आणि तळोद्यात जीपचा तळ. आठवडी बाजाराचा दिवस होता. डोंगरातली माणसं मीठ, तेल, बांगड्या घेऊन परतत होती. ड्रायव्हरला पाड्याचं नाव सांगितलं तर त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तठे कोन शे तुमनं?" (तिथे तुमचं कोण आहे?)

"कोणी नाही. पूल बघायचाय."

त्याने विडी विझवली. "पूल? सकायले बघा, बाई. दुपारले त्या पूलवर कोन्ही जात नही." आणि पुढे चांदसैलीचा घाट लागला. घाटात वळणं अशी की माझा जीव सारखा खालीवर होत होता. दोन्ही बाजूंना साग वाळून करडा पडलेला. मोठमोठी पानं रस्त्यावर पडलेली, जीप त्यावरून गेली की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. बाकी आवाज नाही. पाखरूसुद्धा नाही. मला त्या शांततेचा राग आला. मला गडबड लागते.

रस्ता संपला तिथे मोगीताई उभ्या होत्या. मोगीताई त्या पाड्याच्या आशाताई, म्हणजे बायकांची बाळंतपणं, पोरांचे डोस, सगळं त्यांच्या अंगावर. तिशीच्या, आश्रमशाळेत शिकलेल्या, मराठी स्वच्छ. घरी बोलायची भाषा पावरी, त्यामुळे पुढचे तीन दिवस त्याच माझा कान आणि त्याच माझी जीभ. माझी पिशवी घेत म्हणाल्या, "मॅडम, आधी पूल ओलांडू. ऊन उतरलंय, आता चालतं."

आणि मग मी तो पहिल्यांदा पाहिला. दोन जाड तारदोर या कड्यापासून त्या कड्यापर्यंत टांगलेले, त्यांना लटकणाऱ्या लोखंडी सळ्या, खाली आडव्या पट्ट्या आणि त्यावर सागाच्या फळ्या. चाळीस-पन्नास पावलांचा असेल. खाली नाला, पाणी अगदी बारीक, धोंडेच जास्त. पूल तसा देखणा म्हणावा लागेल. पण बघितल्याबरोबर माझे पाय पहिल्या फळीच्या अलीकडेच थांबले, आणि मी स्वतःवरच चिडले. तीस वर्षं पूल शिकवले नि आता काय झालं! मोगीताईंनी चपला काढून हातात घेतल्या. मी विचारलं, देवाचा आहे का? "नाही. पायाला कळलं पाहिजे," त्या म्हणाल्या. मीही काढल्या. फळ्या कोमट होत्या.

मोगीताईंच्या घरी जेवले. मक्याची भाकर, उडदाची दाट डाळ, वर लाल मिरचीचा ठेचा आणि आमचूर. डाळ इतकी चांगली होती की मी तिसऱ्यांदा मागितली आणि घरातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांच्यात कविता नावाची एक होती, शेजारच्या घरातली. वय वीस-एकवीस, दिवस भरलेले, पोट पुढे आलेलं, सूप घेऊन तूर पाखडत बसलेली. मोगीताई हळूच म्हणाल्या, "हिच्यासाठीच तुम्हाला घाईने बोलवा म्हटलं मी साहेबांना. आज-उद्या होईल. मूल आडवं आहे. घरी होणार नाही, दवाखान्यातच न्यायला पाहिजे. गाडी त्या काठाला येते, इथे येत नाही. पुलावरून बांबूच्या झोळीत नेलं तर वीस मिनिटं. पूल बंद केला तर नाल्यात उतरून, खालून वळसा घालून, धोंड्यांतून तीन तास."

"आणि पूल तुटला तर?" मी विचारलं.

"म्हणून तर तुम्ही आलात," त्या म्हणाल्या.

कविताची आई रायलीबाई दारात बसली होती. वाळकी, उंच, डोळे कुठेतरी लांब. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मागाहून कळलं की कविताची थोरली बहीण गीता, तिलाही दोन वर्षांपूर्वी असंच झोळीतून नेत होते. ती पुलावर गेली. म्हणजे पुलाच्या मध्यावर, झोळीतच, वारली. रायलीबाईने त्यानंतर पुलावर पाय ठेवलेला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही हे वेगळं सांगायला नको.

सकाळी कामाला लागले. फोन फळीवर नुसता ठेवून चालत नाही, तो स्वतःच खडखडतो आणि भलतंच लिहितो. नाशिकहून आणलेलं चिकटण तळोद्यातच कुठेतरी पडलं होतं. मोगीताईंनी उडदाचं पीठ भिजवून दिलं. काय घट्ट बसला म्हणून सांगू! एक फोन पुलाच्या मध्यावर लावला, दुसरा पाड्याकडच्या टोकाला. पाऊण तासाने जाऊन बघते तर टोकाच्या फोनच्या रेघा डोंगर चढल्यासारख्या वर गेलेल्या. बघितलं तर एक शेळी शांतपणे फोनच्या कडेचं पीठ चाटत उभी. पुन्हा पीठ मळलं, भोवती काटेरी फांद्या टाकल्या. पाड्यावरची पोरं माझ्याकडे बघून लोटपोट हसत होती, आणि मलाही हसू आलं. सकाळची ती शेवटची हसण्याची गोष्ट.

पूल एकटा असताना काय करतो, हे आधी पाहायचं असतं. प्रत्येक पुलाची स्वतःची एक चाल असते, जसा प्रत्येक झोक्याचा आपला वेग असतो. या पुलाची चाल सेकंदाला दोन झोक्यांहून जरा कमी. मला ते आवडलं नाही, कारण माणूस भराभर चालतो तेव्हा त्याची पावलंही जवळजवळ तेवढीच पडतात. झोक्याला योग्य वेळी थोडा थोडा धक्का देत गेलं की झोका चढत जातो. पुलाचंही तसंच.

दोनच्या सुमाराला सगळे पुलापासून उठून गेले. कोणी सांगितलं नाही, नुसते गेले. मी एकटी मोहाच्या झाडाखाली बसले. पुलावरच्या दोन्ही फोनच्या रेघा मोगीताईंच्या मोबाईलच्या पडद्यावर बघता येतील असं मी करून घेतलं होतं. ऊन असं की कड्याचे दगड पांढरे दिसत होते. मुद्दाम एक वाळलेलं पान पुलाच्या फळीवर ठेवलं होतं, वारा आला तर कळावं म्हणून. पान हललं नाही. वारा नव्हताच.

आणि टोकाच्या फोनची रेघ उठली. एक ठोका. मग दुसरा. मग तिसरा, अगदी सारख्या अंतराने. मी पुलाकडे पाहिलं, पूल रिकामा. कान देऊन ऐकलं तेव्हा फळ्यांतून मंद आवाज येत होता, दबका, कोणी अनवाणी चालतंय असा. टोकाच्या फोनवर ठोके जोरात होते, ते हळूहळू मंद होत गेले, आणि मधल्या फोनवर ते चढायला लागले. म्हणजे हलणारं जे काही होतं ते इकडून तिकडे जात होतं. वाऱ्याने पूल हलला तर सगळा हलतो. असा पावलापावलाने जात नाही. मध्यावर आल्यावर एक ठोका चुकला. सरळ गाळला गेला. मग पुन्हा तीच लय, आणि पलीकडच्या काठाला जाऊन सगळं शांत.

माझ्या अंगावर काटा आला. हो, आला, लाजायचं काय त्यात? मी तशीच बसून राहिले. मग डोकं चालवायला सुरुवात केली, कारण डोकं न चालवता नुसतं बसवत नाही मला. उन्हाने तारदोर तापतात, कड्यांतून सरकतात, करकरतात, त्याने धक्के बसतात. हे होतं, मी स्वतः पाहिलं आहे. पण तारा तापून पाऊल चुकत नाही.

चार वाजता माणसं परत पुलाकडे आली. त्यांत जामसिंग होता, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा. झोळीला पुढचा खांदा देणारा आणि हाक घालणारा तोच. मी त्याला पडद्यावरची रेघ दाखवली. काही सांगितलं नाही, नुसतं बोट ठेवलं. मध्यावरच्या त्या रिकाम्या जागेवर त्याचं बोट आपणहून गेलं आणि तिथेच थांबलं. मग तो मोगीताईंशी बराच वेळ हळू बोलला.

मोगीताई म्हणाल्या, "तो म्हणतो, गीता तिथे गप्प झाली. त्याला खांद्यावर कळलं. त्याचा एक पाय चुकला. मग त्याने परत धरला."

"परत का धरला? थांबायचं ना!"

मोगीताई म्हणाल्या, "तिची आई मागून येत होती, मॅडम. ठेका मोडला असता तर तिला तिथेच, पुलावरच कळलं असतं. म्हणून गीता गेली तरी यांनी ठेका धरून तिला पलीकडे नेलं. सगळी वाट हाक देत देत."

त्या दिवशी मला हे पुरतं समजलं नाही. मला वाटलं, दुःखातली गोष्ट आहे, एवढंच. मी माझ्या कामाकडे वळले. म्हटलं, झोळी नेतात तशी नेऊन दाखवा. बाईच्या वजनाएवढे दगड गोधडीत बांधले, गोधडी बांबूला, बांबू चौघांच्या खांद्यांवर. जामसिंगने "हेऽऽ" म्हटलं, मागच्या तिघांनी "हो!" म्हटलं आणि चौघांचे पाय एकदम पडले. हेऽऽ हो. हेऽऽ हो. बघायला सुंदर होतं. गोधडी तसूभरही डुलत नव्हती. आणि पडद्यावर रेघ चढत होती. दहाव्या पावलाला दुप्पट, विसाव्याला चौपट. त्यांची चाल आणि पुलाची चाल एकच. इतकी वर्षं या पुलावरून झोळ्या नेऊन त्यांच्या पायांत पुलाचीच चाल भिनलेली, आणि तीच पुलाला झोका देत होती. मध्यावर पोचले तेव्हा पूल डोळ्यांना दिसेल असा वर-खाली होत होता. काहीतरी टणकन वाजलं. तारदोर धरणाऱ्या कडीची एक चाकी (बोल्टवरचा नट) निसटून खाली नाल्यात पडली. धोंड्यावर तिचा आवाज यायला फार वेळ लागला.

"थांबा!" मी ओरडले. "पाय सोडा! ठेका सोडून चला, वेडेवाकडे चला!"

ते थांबले, पण ठेका सोडून चालले नाहीत. दगड तिथेच उतरवले आणि एकेक करून परत आले. कोणी माझ्याकडे बघेना. मोगीताई खाली मान घालून उभ्या.

"काय झालं? चालायला काय हरकत आहे?"

तेव्हा मोगीताईंनी सांगितलं. सगळ्या डोंगरात असं नाही, पण त्यांच्या पाड्यावर आहे. जिवंत माणूस झोळीतून न्यायचं तर ठेक्यात न्यायचं, हाक देत. आतल्याला ऐकू येतं, आपल्याला नेतायत, सोडलेलं नाही. मेलेलं माणूस मात्र हाक न देता नेतात, ठेका न धरता, ज्याचा पाय जसा पडेल तसा. दुसऱ्या टेकडीवरच्याला नुसत्या चालीवरून समजतं, काय चाललंय ते.

मी त्या माणसांना सांगत होते, उद्या कविताला प्रेतासारखी न्या. आणि गीताचं प्रेत त्यांनी जिवंत माणसासारखं नेलं होतं, हेही आत्ता डोक्यात शिरलं. दुपारी त्या फळ्यांवरून जे जात होतं, ते ठेक्यात जात होतं.

"बंद करा मग पूल," जामसिंग म्हणाला. हे त्याने मराठीत म्हटलं, मला कळावं म्हणून.

बंद करणं सोपं होतं हो. एक ओळ लिहायची. पण वीस मिनिटांचे तीन तास होणार होते आणि ते जिच्या वाट्याला येणार होते, ती घरात तूर पाखडत बसलेली होती. मी संध्याकाळभर आकडेमोड केली. पुलावरचे दगड काढून घेतले, उरलेल्या चाक्या पान्याने आवळून घेतल्या, जामसिंगनेच आवळल्या. चौघं जण आपापल्या चालीने गेले तर पूल सहज पेलतो. एका ठेक्यात गेले तर मी हमी देणार नाही. यापलीकडे माझ्या फोनला काही सांगता येत नव्हतं.

सकाळी सातला मोगीताईंनी मला हलवून उठवलं. कविताला कळा सुरू झाल्या होत्या, पाणी गेलं होतं. गाडीला निरोप गेला होता, गाडी तासाभरात पलीकडे येणार होती. झोळी बांधली. सगळा पाडा पुलाच्या तोंडाशी जमला, आणि पुलाच्या तोंडाशीच, दोन्ही हातांनी दोन्ही तारदोर धरून, रायलीबाई उभी राहिली.

ती माझ्याशी बोलली, पहिल्यांदा. मोगीताईंनी शब्दाला शब्द सांगितलं. "ती म्हणते, एकीला मेल्यावर जिवंतासारखी नेलीत. ती अजून पोचली नाही. आता दुसरीला जिवंतपणी मेल्यासारखी नेणार?"

मी तोंडाने फटकळ आहे, मला उत्तरं लगेच सुचतात. पण झोका, चाल, चाकी, सगळं खरं होतं आणि त्या बाईपुढे त्यातलं काही उच्चारायची मला लाज वाटली. मी एवढंच म्हटलं, "रायलीबाई, ठेक्यात गेले तर पूल तुटेल. खालून गेले तर उशीर होईल. मला तिसरं माहीत नाही. असतं तर सांगितलं असतं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

झोळीतून कविताचा आवाज आला. एक कळ जाऊन दुसरी यायच्या मधली जागा असावी. मोगीताई वाकल्या, ऐकलं, आणि सरळ होऊन म्हणाल्या, "ती म्हणते, हाक मी देईन. मेलेलं माणूस हाक देतं का?"

मग माझ्याच मनात भीती आली की तिने हाक दिली आणि यांचे पाय सवयीने तिच्या हाकेवर पडले तर? मी झोळीजवळ गेले. "कविता, हाक सारखी देऊ नको हं. कधी लवकर, कधी उशिरा. जशी कळ येईल तशी." ती हसल्यासारखं काहीतरी करून शाळेतल्या मराठीत म्हणाली, "कळ काय तुमच्या फोनवर बघून येते का, मॅडम?"

रायलीबाईने तारदोर सोडले.

चौघं पुलावर चढले. जामसिंगने हाक दिली नाही. जन्मभर हाक देणारा माणूस, त्याचे ओठ आवळलेले दिसत होते. पाय वेडेवाकडे पडत होते, एकाचा लांब, एकाचा आखूड, झोळी डुलत होती आणि लांबून पाहिलं असतं तर प्रेतच चाललंय असं वाटलं असतं. समोरच्या टेकडीवरून कोणी तरी पाहिलंही असणार, कारण तिकडून एका बाईचा रडण्याचा स्वर उठला. आणि तेवढ्यात झोळीतून हाक आली, "होऽऽ!" मग बराच वेळ काही नाही. चौघंही अडखळले. मग लागोपाठ दोनदा, "हो! होऽऽ!" टेकडीवरचं रडणं थांबलं. मी पडद्याकडे पाहिलं. मांजराने दोऱ्याचा गुंता करावा तशा रेघा, पण चढत नव्हत्या. एकदाही चढल्या नाहीत. मध्यावर ती गप्प झाली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. रायलीबाईने माझा दंड असा धरला होता की पुढे आठवडाभर तिथे हिरवं-निळं होतं. मग मध्यावरून, अगदी त्याच फळीवरून, कविताने हाक दिली नाही, शिवी दिली. जामसिंगला. मोगीताईंनी ती मला सांगितली नाही, पण पाड्यावरच्या सगळ्या बाया एकदम हसल्या आणि एकदम रडल्या.

गाडी पलीकडे आली होती. झोळी उतरली. गाडी वळणाआड गेली तेव्हा रायलीबाई पुलाच्या पहिल्या फळीवर एक पाय ठेवून उभी होती. दुसरा तिने ठेवला नाही.

त्याच दुपारी मी निघाले. दोनच्या आत पूल ओलांडायचा असं मनाशी ठरवलं होतं, पण चहा, निरोप, भेट म्हणून दिलेलं आमचूर बांधून घेणं, यात दोन वाजून गेले. चपला हातात घेतल्या आणि एकटी पुलावर चढले. फोन मुद्दाम बंद करून पिशवीत टाकले होते. मध्यावर आल्यावर तळपायांना फळ्या हलल्याचं जाणवलं. माझ्या पावलांनी असेल. मी माझी पावलं मुद्दाम वाकडी टाकली, एक लांब, एक आखूड, आणि मागे वळून पाहिलं नाही. कोणी मला भित्री म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

घरी येऊन कागद लिहायला बसले. विद्यार्थ्याने पाठवलेल्या नमुन्यात दोनच चौकटी होत्या, चालू आणि बंद. मी चालूवर खूण केली आणि खाली लिहिलं, कड्या बदलेपर्यंत ठेका न धरता चालावे. त्याचा फोन आला, "मॅडम, हे वाक्य वर कसं पाठवू?" मी म्हटलं, "जसं लिहिलंय तसं." दुपारच्या रेघांबद्दल एवढंच लिहिलं की कारण निश्चित करता आले नाही. माझ्या नोकरीत मी असं वाक्य कधी लिहिलं नव्हतं. मी तिथे एक पूल तपासायला गेले आणि माणसांची चाल बदलून आले, आणि ती बदलायचा मला काय अधिकार, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

महिन्याभराने मोगीताईंचा फोन आला, ज्या टेकडीवर रेंज येते तिथून. कविताला मुलगी झाली, दोघी घरी आल्या, येतानाही पुलावरून वाकड्या चालीनेच आल्या. नव्या कड्या आल्यात, बसवायच्या आहेत. मग म्हणाल्या, "जामसिंगचा बाप वारला, मॅडम. मागच्या आठवड्यात. म्हातारा होता. पण उचलायच्या वेळी भांडण झालं, कसा न्यायचा म्हणून. वाकडं चालावं तर आता ते जिवंतांचं झालं. कविता तशीच गेली नि तशीच आली ना."

"मग?"

"मग ठेक्यात नेला. हाक देऊन. इकडेच जाळायचं होतं, पूल लागत नाही. आता तसंच ठरलंय. मेलेलं ठेक्यात, जिवंत वाकडं."

मागे कोणीतरी बाई बोलत होती, तो आवाज मी ओळखला.

"रायलीबाई आलीये इथे, टेकडी चढून. तुम्हाला विचार म्हणते. आता जर मेलेल्या माणसाला ठेक्यातच न्यायचं, तर मग आमच्या गीताला यांनी बरोबरच नेलं होतं ना?"

मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि उभी राहिले. कोणी मोठं माणूस दारात आलं की आपण उठतो, तशी.

"हो म्हणावं," मी म्हटलं. "बरोबर नेलं."